पाळणा दुसरा, मोबदला मात्र पहिलाच?



रायगडाच्या परिसरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला हिरकणीची गोष्ट ठाऊक असते. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला मिटलेले दरवाजे, पायथ्याच्या घरी राहिलेले तान्हे बाळ आणि अंधारात तिने उतरलेला तो उभा कडा. महाराजांनी तिच्या धाडसाचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे लोकपरंपरा सांगते. आज एस.टी.च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी असलेल्या खोलीलाही ‘हिरकणी कक्ष’ असेच नाव आहे. या कथेतील मातृप्रेमाचा गौरव पिढ्यान्‌पिढ्या होत आला. एक साधी गोष्ट मात्र त्या गौरवात बहुधा झाकली जाते. हिरकणी गडावर हौसेने गेली नव्हती. ती कामावर गेली होती. दुसऱ्यांच्या घरी दूध पोहोचावे म्हणून तिचे स्वतःचे बाळ आईवाचून राहिले होते.

या मातीतल्या हिरकण्या अजून संपलेल्या नाहीत. सावित्रीच्या वरच्या खोऱ्यातील एखाद्या वाडीतून सकाळी लवकर निघून पोलादपूरला किंवा महाडला येणारी, दिवसभर दुसऱ्याचे मूल सांभाळणारी आणि संध्याकाळी शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहणारी भगिनी हे तिचेच आजचे रूप आहे. गडाच्या दरवाजाची जागा शेवटच्या एस.टी.ने घेतली, इतकाच फरक. या भगिनीच्या संदर्भात एका नेमक्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. ज्या घरात ती एका मुलाला सांभाळण्यासाठी आली, त्या घरात दुसरे बाळ जन्माला आले, तर तिच्या वेतनाचे काय व्हावे?

प्रश्न लहान दिसतो. बारशाच्या गडबडीत तो कोणाच्या मनातही येत नाही. पण अनेक घरांतील आणि अनेक वाड्यांतील स्वास्थ्य या लहान प्रश्नावर अवलंबून असते.

प्रश्न आला कोठून?

दोन पिढ्यांपूर्वी महाड-पोलादपुरात हा प्रश्न फारसा उद्‌भवलाच नसता. येथील पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला जात, मनिऑर्डर गावी येई, आणि मुले आजी, काकू, आत्या यांच्या अंगाखांद्यावर वाढत. दुसरे, तिसरे मूल आले तरी त्याला झेलायला घरात हात असत. पुढे महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांतील अधिकारी व कामगार, शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी अशी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांतील अनेकांचे आईवडील दूर गावी आहेत, आणि पती-पत्नी दोघांनाही नोकरीवर जावे लागते. मूल कोणाजवळ ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

त्याचे उत्तर डोंगरातल्या वाडीतून येते. उतारावरची नाचणी-वरी आणि खाचरातला भात यांवर वर्षभराचे घर चालत नाही. २२ जुलै २०२१ या एकाच दिवशी महाड शहर पुराखाली गेले, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा घटनांनंतर घरात रोख पैसा येणे ही डोंगराकडच्या कुटुंबांची निकडीची गरज बनते. एकीकडे मूल सांभाळणाऱ्या हातांची गरज आणि दुसरीकडे रोख वेतनाची गरज, अशा दोन गरजांच्या भेटीतून हे नाते जन्मते. त्यात कोणी कोणावर उपकार करीत नाही, हे आरंभीच स्पष्ट असलेले बरे.

दोन मुले म्हणजे दुप्पट काम नव्हे, पण तेवढेच कामही नव्हे

असे समजू की, एका भगिनीला तीन वर्षांच्या मुलीसाठी ठेवले आहे. मुलीला न्हाऊ-माखू घालणे, भरविणे, बालवाडीत पोहोचविणे व आणणे, दुपारी झोपविणे, संध्याकाळी आई येईपर्यंत खेळविणे हे तिचे काम. दुपारी मुलगी झोपली की तासभर पाठ टेकायला मिळते. मग घरात दुसरे बाळ येते. त्याची झोपेची वेळ वेगळी, भुकेची वेळ वेगळी. मोठी झोपते तेव्हा धाकटा जागा असतो. दुपट्यांचा ढीग वाढतो, बाटल्या उकळाव्या लागतात. मोठीला बालवाडीत सोडायला जाताना धाकट्याला कडेवर घ्यावे लागते. शिवाय मोठ्या मुलीच्या मनात नव्या बाळाविषयी असूया दाटते. ती हट्ट करते, जेवत नाही. तिला समजावणे हेही काम याच भगिनीच्या वाट्याला येते. घड्याळातले तास तेवढेच राहिले, तरी त्या तासांतला तिचा विसावा संपलेला असतो, आणि दोन जिवांची जबाबदारी एकाच वेळी डोक्यावर असते.

अशा वेळी घरातून काही ठराविक वाक्ये ऐकू येतात. “अगं, तू तर घरचीच आहेस.” “एकाबरोबर दुसरे सहज वाढते.” “आता बाईसाहेब रजेवर घरीच आहेत, उलट तुझे काम हलके झाले.” ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. पण तिन्ही वाक्ये तपासली तर तिसरे चुकीचे ठरते, दुसरे अर्धेच खरे ठरते आणि पहिले गैरलागू ठरते. प्रसूतीनंतर घरी असलेली आई स्वतः विश्रांतीच्या गरजेत असते. तिच्या उपस्थितीने काम घटत नाही, तिचे पथ्यपाणीही त्यात मिळते. एकाबरोबर दुसरे वाढते हे खरे, पण ते कोणाच्या तरी श्रमाने वाढते. आणि घरची माणसे वेतन घेत नाहीत, त्यांना घराचा वाटा मिळतो. जिला वाटा नाही, तिला घरचेपणाच्या नावाने वेतनवाढ नाकारणे न्यायाचे नाही.

परंपरा काय सांगते?

कामाचा हिशेब मांडला की मायेचे नाते कोरडे होते, अशी भीती अनेकांना वाटते. आपली परंपरा मात्र तसे सांगत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईचे उदाहरण प्रत्येक घराच्या परिचयाचे आहे. सव्वा महिना ती येते. तेल लावते, शेक-शेगडी करते, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. तिचा मोबदला आधी बोलून ठरविलेला असतो, आणि अखेरीस तिची ओटी भरून साडी-चोळीही दिली जाते. मोबदला घेतला म्हणून तिची माया कमी ठरत नाही, आणि साडी-चोळी दिली म्हणून मोबदला बुडविला जात नाही. नवे बाळ आले की नवे काम आले आणि नव्या कामाला नवा मोबदला आला, हे तत्त्व या प्रथेत शतकांपूर्वीच मान्य झालेले आहे. सव्वा महिन्याच्या कामाला जो न्याय लागू होतो, तो बाराही महिने राबणाऱ्या भगिनीला लागू न होण्याचे कारण सापडत नाही.

इतिहासातही याची साक्ष आहे. १६ जानेवारी १६८१ रोजी ज्या रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो गड महाड तालुक्यातच आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर त्यांचा जन्म झाला, तेव्हा महाराणी सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती. बाळराजांना दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना आणण्यात आले. धाराऊंना सालीना सव्वीस होनांची नेमणूक करून दिली होती आणि त्यांचे पुत्र पुढे संभाजी महाराजांच्या सेवेत राहिले, असे सांगितले जाते. स्वराज्याच्या युवराजाची दूधआई म्हणून महाराष्ट्र त्यांचे नाव आजही आदराने घेतो. राजघराण्याने त्या मातेला मानही दिला आणि नेमणूकही करून दिली. मान दिला, आता नेमणुकीची गरज काय, असा विचार तेथे झाला नाही. धाराऊंच्या, पन्नादाईच्या कथा मुलांना सांगणाऱ्या घराने स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या धाराऊचा हिशेब चोख ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

महाडची आणखी एक ओळख साऱ्या देशाला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून माणुसकीचा हक्क प्रस्थापित केला. त्यानंतर वर्षभराने, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी भक्कम पाठिंबा दिला. स्त्रीच्या प्रसूतिकाळातील विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तिचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. त्याचा विस्तार होत होत २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी नोकरदार मातेला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. ही रजा घेणाऱ्या मातेच्या घरी दुसरे बाळ येते, तेव्हा तिच्या हक्काचा विचार कायद्याने केलेला असतो. त्याच घरात त्याच बाळासाठी राबणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचा विचार मात्र त्या घराच्या सद्‌बुद्धीवर सोडलेला असतो.

कायदा कोठवर पोहोचतो?

घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढ आणि भरपगारी सुट्टीची मागणी केली, तेव्हा सुशिक्षित समाजाने प्रथमच या कामाकडे काम म्हणून पाहिले. २००८ साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यानुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरेलू कामगारांची नोंदणी होऊन त्यांना कल्याणकारी योजनांचा लाभ घेता येतो. वेतन किती असावे, हे मात्र तो कायदा ठरवीत नाही. कर्नाटकाने २००४ साली घरकामासाठी किमान वेतनाचे दर जाहीर केले. कुटुंबातील माणसे चारांपेक्षा अधिक असतील तर वेतन दहा टक्क्यांनी अधिक असावे, हे तत्त्वही तेथे स्वीकारले गेले. घरातील माणूस वाढले की वेतन वाढले पाहिजे, ही गोष्ट सरकारी दरपत्रकालाही पटली, एवढे यावरून दिसते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले.

कायदा यावा, तो चांगला असावा. परंतु उंबऱ्याच्या आत काय घडते हे पाहायला कोणताही निरीक्षक रोज येणार नाही. हा प्रश्न बव्हंशी कुटुंबांनाच सोडवावा लागेल.

हिशेब कसा मांडावा?

पहिली गोष्ट वेळेची. हे बोलणे बाळ घरी आल्यावर करू नये. सातवा-आठवा महिना लागला की करावे. बाळ आल्यावर दोन्ही बाजू अडचणीत असतात. घराला तिच्यावाचून भागत नाही, आणि तान्ह्या बाळाला टाकून जाणे तिला जड जाते. अडचणीत ठरलेला मोबदला एका बाजूला बोचतोच. शिवाय ती स्वतःहून विषय काढील, अशी वाट पाहू नये. ज्या घरी रोज जायचे, त्या घरी पैशांची गोष्ट काढताना तिची जीभ रेटत नाही. गृहिणीने वा गृहस्थानेच तिला बसवून विचारावे, “दोघांना सांभाळणे तुला झेपेल का? त्याचे काय घेशील?”

दुसरी गोष्ट हिशेबाची. केवळ उदाहरणापुरते असे धरू की, एका मुलासाठी दिवसाचे नऊ तास, महिन्याचे २६ दिवस आणि वेतन ७,००० रुपये ठरले आहे. म्हणजे महिन्याचे २३४ तास झाले आणि तासाला साधारण ३० रुपये पडले. हा आकडाच अनेक घरांना विचारात पाडील. आता दुसऱ्या बाळासाठी तिला रोज एक तास अधिक थांबावे लागणार असेल, तर २६ तासांचे ७८० रुपये हा तिचा सरळ हक्क झाला. ती वाढ नव्हे, वाढीव वेळेचा दाम होय. वाढ त्यानंतर सुरू होते. दोन मुलांच्या भारासाठी मूळ वेतनाचा चतुर्थांश धरला, तर १,७५० रुपये होतात. एकूण वेतन ९,५३० रुपयांवर जाते. कोणी चतुर्थांशाऐवजी तृतीयांश धरील. जुळी असतील किंवा बाळ अशक्त असेल तर अधिक धरावे लागेल. आकडा घराघराने बदलेल. पण वेळेचा दाम निराळा आणि भाराचा दाम निराळा, ही रीत बदलू नये. दुपटी धुणे, बाळंतिणीचा स्वयंपाक, रात्रीचे थांबणे ही कामे मूळ बोलीत नसतील, तर त्यांचेही वेगळे ठरवावे.

तिसरी गोष्ट अशी की, पाडव्याला किंवा दिवाळीला होणारी वार्षिक वाढ या वाढीत मिसळू नये. वार्षिक वाढ महागाईसाठी आणि तिच्या अनुभवासाठी असते. बारशाला दिलेली साडी हाही वेतनाचा भाग नव्हे. आणि वाढ बाळ घरी आल्या दिवसापासून लागू व्हावी, आईची रजा संपल्यापासून नव्हे.

चौथी गोष्ट माहेरपणाची. बाळंतपणासाठी गृहिणी मोठ्या मुलाला घेऊन दोन-तीन महिने माहेरी जाते, आणि इकडे घर बंद तर पगार बंद, असे होते. नेमके याच काळात त्या भगिनीच्या घरची चूल अडते. परत आल्यावर तीच हवी असेल, तर त्या महिन्यांचे निदान अर्धे वेतन चालू ठेवावे. पुराच्या दिवसांत रस्ता बंद झाला, घाटात दरड आली, म्हणून ती येऊ शकली नाही, तर तो खाडा धरू नये. सावित्री आणि गांधारी पात्र सोडतात, त्यात तिचा दोष नसतो.

घराची बाजू

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मूल सांभाळायला बाई ठेवणारे प्रत्येक घर श्रीमंत नसते. कंत्राटी नोकरीतला कामगार, खासगी शाळेतली शिक्षिका यांच्या घरात दुसरे बाळ आले की औषधे, दूध, कपडे असा खर्च सर्व बाजूंनी वाढतो. वेतन कोठून वाढवावे?

याचे उत्तर सरळ आहे. वेतन वाढविता येत नसेल, तर काम वाढवू नये. मोठ्या मुलाला आजी-आजोबांकडे अर्धा दिवस ठेवावे. कपडे-भांडी तिच्याकडून काढून घरच्यांनी वाटून घ्यावीत. त्यात गृहस्थानेही हात लावावा, त्याने त्याचा मान कमी होत नाही. तिचे तास कमी करावेत, म्हणजे तिला उजेडात घरी पोहोचता येईल. शेजारच्या दोन घरांनी मिळून व्यवस्था करावी. हे सारे करूनही तिला सांगावे की, सहा महिन्यांनी पुन्हा बसू. प्रामाणिकपणे सांगितलेली अडचण ती समजून घेते. अडचणी तिच्याही परिचयाच्या असतात. न सांगता लादलेले काम मात्र मनात साठत राहते, आणि एके दिवशी निरोपावाचून ती येणे बंद करते. मग दोन मुलांना घेऊन नव्या माणसाचा शोध सुरू होतो. मोठी मुलगी दारात उभी राहून विचारते, “मावशी का येत नाही?” त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही हिशेबात सापडत नाही.

आणि ज्या भगिनी हे काम करतात, त्यांनाही एक सांगणे आहे. सुरुवातीलाच कामाची बोली स्पष्ट करावी, कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, वेतन शक्यतो बँक खात्यात घ्यावे. बोलणे म्हणजे भांडणे नव्हे. आपल्या श्रमाची किंमत सांगणाऱ्या स्त्रीची माया कमी होत नाही.

संस्कार कोण पाहतो?

घरातील मुले उपदेशाने जितकी शिकतात, त्याहून अधिक पाहून शिकतात. मावशीला ताट कोणते दिले जाते, ती कोठे बसते, महिन्याच्या एक तारखेला तिच्या हातात पैसे कसे ठेवले जातात, हे मोठी मुलगी पाहत असते. धाकट्याच्या आगमनाने मावशीचा मान आणि मोबदला वाढला, हे तिने पाहिले, तर श्रमाचा आदर वेगळा शिकवावा लागत नाही. समरसतेची भाषणे सभागृहात होतात. तिची परीक्षा मात्र स्वयंपाकघरात होते.

संध्याकाळ झाली की महाडच्या स्थानकावर पोलादपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत काही स्त्रिया उभ्या असतात. दिवसभर दुसऱ्यांची बाळे त्यांच्या कडेवर असतात. आता त्यांना स्वतःच्या मुलांपर्यंत पोहोचायचे असते. कडा उतरून गेलेल्या हिरकणीसाठी एका राजाने बुरूज उभा केला, असे ही भूमी अभिमानाने सांगते. आजच्या हिरकणीला बुरूज नको आहे. तिचा दरवाजा वेळेवर उघडावा आणि वाढलेल्या कामाचा वाढलेला दाम तिच्या पदरात पडावा, एवढे केले तरी या भूमीतील घरांनी आपल्याच परंपरेची बूज राखली, असे होईल.